थांबाबाईंचा गुरुवार

"मागे अजून खुर्च्या टाका," घाईसर दारातूनच म्हणाले. "आज माणसं उभी राहणार आहेत."

त्यांचा अंदाज चुकला नाही. एरवी गुरुवारच्या बैठकीला तिसऱ्या मजल्यावरच्या त्या लांबट खोलीत बोटांवर मोजण्याइतकी डोकी असत, आणि त्यातलीही एक-दोन चहा येईपर्यंत पेंगत. आज मात्र खिडकीच्या कट्ट्यावरसुद्धा माणसे बसली होती. निम्मी गणित ऐकायला आली होती आणि निम्मी उट्टे काढायला. कारण आज फळ्यासमोर, हातात खडू घेऊन, प्रत्यक्ष थांबाबाई उभ्या होत्या.

हे नाव त्यांना कुणी दिले ते आता कुणालाच आठवत नाही, पण का दिले ते सगळ्यांना पाठ आहे. या बैठकीचा एक नियम होता. मोठ्या सरांनी तो फार पूर्वी घालून दिला होता. बोलणाऱ्याला कुणीही, केव्हाही 'थांबा' म्हणू शकतो. एकदा 'थांबा' म्हटले की बोलणाऱ्याने पुढची ओळ लिहायची नाही. शंकेचे समाधान करायचे, आणि ज्याने थांबवले त्याने स्वतःच्या तोंडाने 'चला' म्हटले तरच पुढे सरकायचे. दुसऱ्या कुणी कितीही माना डोलावल्या तरी त्याला किंमत नाही.

आता असा नियम म्हणजे सज्जन माणसांना नुसती शोभा. समोरचा ओळखीचा असतो, चहा गार होत असतो, कोण कशाला कुणाला अडवतो? पण बाई अडवत. मागून दुसऱ्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीत बसून त्या मान खाली घालून लिहीत असत, आणि मध्येच त्यांचा तो बारीक, जरासा घोगरा आवाज येई, "थांबा." बोलणाऱ्याच्या तोंडचे पाणी पळे. कारण बाईंनी थांबवले की तिथे हटकून काहीतरी चूक असेच. परदेशातून आलेल्या एका पाहुण्याला त्यांनी पहिल्याच पानावर थांबवले होते, आणि तो बिचारा पुढचे सगळे चकचकीत कागद तसेच गुंडाळून घेऊन गेला. घाईसरांना तर इतक्या वेळा थांबवले होते की त्यांनी मोजणे सोडून दिले होते. घाईसर या विभागाचे प्रमुख. त्यांना प्रत्येक गोष्टीची घाई, सिद्धता उरकायचीही.

बाई स्वतः या संस्थेच्या कुणीच नव्हत्या. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका छोट्या कॉलेजात त्या हिशेबनिसांच्या वर्गाला टक्केवारी आणि सरासरी शिकवत. त्यांच्या नावामागे 'डॉक्टर' नव्हते. ते व्हायचे होते, पण लग्न झाले, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग मुलगी झाली, आणि व्हायचे ते राहून गेले. गुरुवार मात्र राहिला नाही. दुपारचे तास संपवून, दोन बस बदलून त्या या खोलीत येत आणि संध्याकाळी परत जात. इतकी वर्षे दुसऱ्यांचे ऐकले, दुसऱ्यांना अडवले. स्वतः फळ्यासमोर उभ्या राहिल्या नव्हत्या.

"हिनं आम्हाला पाण्यात पाहिलं, आता हिला पोहताना बघू," असे कुणीतरी मागे पुटपुटले. बाईंनी ऐकले आणि ऐकले नाही असे केले.

शेवटच्या रांगेत त्यांचा नवरा बसला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पिशवी, चेहऱ्यावर परक्या लग्नाला आल्याचा भाव. त्याचे शिवणकामाचे दुकान होते. आज तो ते कुलूप लावून आला होता, आणि हे त्याच्या बाबतीत सुतकातसुद्धा घडत नसे. सकाळी मशीनवर बसल्या बसल्या त्याने विचारले होते, "अगं, पण तू बोलणार कशावर? दुकानात कुणी विचारलं तर सांगता तरी यायला हवं. नुसतं 'गट गट' म्हणतेस, लोकांना वाटतं घरात राजकारण चालू आहे."

बाईंनी त्याच्या हाताखालची बाही उचलली होती. "हिला आतून टाका घालायचाय. काय करता?"

"उलटी करतो, टाका घालतो, सुलटी करतो."

"तेच. उलटं करा, काम करा, सुलटं करा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हा टाका वेगळाच दिसतोय. पण तो तोच, फक्त दुसऱ्या बाजूनं घातलेला. असे जे एकमेकांची उलटसुलट रूपं असतात, ते सगळे एका घरातले धरायचे."

"हे तर आमचा कारागीरही सांगेल."

"बाहीचं सांगेल हो. बाही कुठंतरी संपते. माझं कापड संपतच नाही. त्यात दोन टाके एका घरातले की नाहीत, हे शोधायला जन्म अपुरा पडतो. आणि माझ्या प्रश्नात वर आणखी एक पीळ आहे."

"तो कसला?"

"उलटी करताना आपल्या हातानं करायची. सुलटी करताना मात्र आरशातला हात जे करील ते करायचं."

नवरा बाहीकडे बघत राहिला. "मग ती सुलटी व्हायचीच नाही. भलतंच काहीतरी होऊन बसेल."

"तर अशी भलती घरं किती होतील? मोजून संपतील की संपणारच नाहीत? हा माझा प्रश्न."

"आणि उत्तर?"

"संपणार नाहीत. कुठलाही आरसा आणा."

"गिऱ्हाइकांच्या कानावर जाऊ देऊ नकोस," नवरा म्हणाला होता आणि त्याने मशीन सुरू केले होते. पण थोड्या वेळाने पायडल थांबवून हळूच म्हणाला, "मी आलो तर चालेल का?"

पहिल्या रांगेत, टोकाच्या खुर्चीवर मोठे सर बसले होते. त्यांना निवृत्त होऊनही बराच काळ लोटला होता. आताशा ते काठी घेऊन, कुणाचा तरी हात धरून जिना चढत. आज बाईंना धास्ती होती ती मागच्या गर्दीची नव्हती. ती या टोकाच्या खुर्चीची होती.

कारण घरे संपत नाहीत हे प्रमेय मूळचे सरांचे. बाई तेव्हा त्यांच्या विद्यार्थिनी होत्या, दोन वेण्या घालायच्या वयातल्या. सर असेच या फळ्यासमोर उभे होते, आणि त्यांचा अर्धा जन्म ज्यात गेला ती सिद्धता उलगडून दाखवत होते. पहिला अर्धा भाग झाला होता. दुसऱ्या भागात त्यांनी 'काहीच न करणे' याचे घर घेतले. आरसा नसेल तर त्या घरात 'काहीच न करणे' एकटेच राहते. उलटे केले, काही केले नाही, सुलटे केले, झाले. पण आरसा आला की त्या घरात कितीतरी पाहुणे येतात. सरांनी लिहिले की या घरातले कुठलेही दोघे एकापुढे एक ठेवले तर जे होते तेही याच घरातले असते. दिसायला अगदी निरागस ओळ. आणि भिंतीकडच्या खुर्चीतून त्या पोरीने म्हटले, "थांबा."

ते बाईंच्या आयुष्यातले पहिले 'थांबा'. आरसा असला की ती ओळ खरी नव्हती. सरांनी बराच वेळ फळ्याकडे पाहिले. मग खडू खाचेत ठेवला, हात झटकले आणि म्हणाले, "बरोबर आहे तिचं." रागावले नाहीत, उलट हसले. पुढच्या गुरुवारी नेहमीसारखे आलेही. पण फळ्याजवळ गेले नाहीत, आणि त्या प्रमेयाबद्दल त्यांनी पुन्हा चकार शब्द काढला नाही. शंकेचे समाधान झाले नाही, त्यामुळे बाईंना 'चला' म्हणता आले नाही. बैठकीत नंतर विनोदच झाला की मोठ्या सरांचे व्याख्यान नियमाप्रमाणे अजून चालूच आहे, फक्त मध्ये थोडी विश्रांती आहे. सगळे हसत. बाई हसत नसत. आपण चुकलो नव्हतो, हे त्यांना ठाऊक होते. त्याने बरे वाटत नव्हते, हेही ठाऊक होते.

तेव्हापासून त्या सरांच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला पर्याय शोधत होत्या. बसमध्ये, पेपर तपासताना, सासूबाईंच्या उशाशी. आणि आता तो सापडला होता. लांबलचक होता, वळणावळणाचा होता, पण सापडला होता.

"सुरू करू?" बाईंनी विचारले.

"करा, करा," घाईसर म्हणाले.

फळ्याच्या डाव्या बाजूला त्यांनी सरांचा पहिला अर्धा भाग लिहून काढला. तो जसाच्या तसा घेतला होता, कारण त्यात कधीच खोट नव्हती. बाईंच्या गटातला प्रत्येक टाका म्हणजे ठरावीक अक्षरांनी लिहिलेला एक शब्द, आणि सरांनी दाखवले होते की त्या अक्षरांपैकी एक अक्षर फार हट्टी आहे. शब्दातली अक्षरे कुठल्या क्रमाने आली ते विसरून फक्त कोणते किती वेळा आले एवढे मोजले, तर कुठलाही आरसा आणा, त्या एका अक्षराची मोजदाद बदलत नाही. बाकीची अक्षरे फिरतात, उलटतात, एकमेकांत मिसळतात. हे जागचे हलत नाही. बाईंनी ती ओळ मोठ्या अक्षरांत लिहिली आणि तिच्याखाली जाड रेघ मारली. "हे सरांचं आहे," त्या म्हणाल्या, आणि चष्मा सारखा करून उजव्या बाजूला वळल्या.

उजवी बाजू त्यांची स्वतःची. पहिली पायरी झाली. दुसरी झाली. मागच्या रांगेतली एक संशोधक मुलगी खुर्चीच्या कडेवर आली होती. तिला बाईंनी गेल्या वर्षी रडवले होते. पण तिला 'थांबा' म्हणायला जागा सापडेना. घाईसरांनी दोनदा तोंड उघडले आणि दोनदा मिटले. तिसरी पायरी झाली. नवऱ्याला अक्षर कळत नव्हते, पण लोक गप्प आहेत याचा अर्थ चांगला चालला आहे एवढे त्याला कळले, आणि त्याने पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

चौथ्या पायरीला बाई लिहीत होत्या. "हे दोघे त्या घरातले, म्हणून हे दोघे मिळून..."

हात थांबला.

खोलीत कुणालाच काही जाणवले नाही. नवी चिन्हे होती, नवे नाव होते, घर वेगळ्या दाराने गाठले होते. पण ते घर तेच होते, आणि ती ओळही तीच, निरागस. ज्या जागी त्यांनी सरांना अडवले होते, नेमक्या त्याच जागी त्या स्वतः, दुरून वळसा घालून, उभ्या होत्या. त्यांनी मागे पाहिले. सगळे पुढच्या ओळीची वाट पाहत होते. हात हलवला असता तर ती ओळ झाली असती, आणि मग शेवट, आणि मग टाळ्या.

"थांबा," बाई म्हणाल्या.

माणसे वळून एकमेकांकडे पाहू लागली. "कोण म्हणालं?" घाईसरांनी विचारले.

"मी."

"तुम्ही? कुणाला?"

"मला. ही ओळ खरी नाहीये."

मग घाईसर खुर्चीतून अर्धे उठले. खरे तर उट्टे काढायला सर्वांत आधी त्यांनीच यायला हवे होते, पण माणूस मनाचा वाईट नव्हता. "बाई, अहो, असू द्या. पुढं चला, हे नंतर बघू. आणि स्वतःच स्वतःला थांबवता येतं का? नियमात बसतं का हे?"

सगळ्यांनी टोकाच्या खुर्चीकडे पाहिले. मोठ्या सरांनी काठीवरची बोटे हलवली. "मी 'कुणीही' म्हटलं होतं," ते म्हणाले. "बाई त्यात येतात."

"मग चहा घेऊ," घाईसर म्हणाले. दुसरे काही सुचण्यासारखे नव्हतेच.

बाई चष्मा टेबलावर काढून ठेवून बाहेर आल्या. व्हरांड्यात नवरा कागदी पेला घेऊन उभा होता. "घे. साखर जास्त आहे," तो म्हणाला. मग थोडे थांबून, "उसवलं का?"

"उसवलं."

"सगळं?"

"अर्धं तरी."

त्याने मान हलवली. समजूत घालणे त्याच्या स्वभावात नव्हते, आणि बाईंना ते नेहमीच बरे वाटत आले होते. "त्या खुर्च्या फार वाईट आहेत," तो म्हणाला. "पाठ कामातून गेली. मी इथंच उभा राहतो."

खोलीच्या दारासमोरच, व्हरांड्यातल्या बाकावर, सर बसले होते. बाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. कितीतरी वर्षांत त्या अशा शेजारी बसल्या नव्हत्या.

"सर, तोच खड्डा."

"हं."

"तुम्हाला दिसला होता?"

"दुसऱ्या पायरीलाच दिसला. म्हटलं, ही तिकडंच निघाली."

"मग थांबवलं का नाहीत?"

सरांनी काठी जमिनीवर टेकवली. "नियम माझाच आहे, मला कळतंय ते. पण खरं सांगू? मला वाटलं, एखाद्याचं तरी शेवटपर्यंत जाऊ दे."

इतकी वर्षे बाईंना वाटत होते की सरांनी आपल्याला कधी माफ केले नसेल. आणि सर तर बाईंची चूक लपवायला निघाले होते. ज्या माणसाने सबंध आयुष्यात कुणाची एक ढिली ओळ खपवून घेतली नाही, तो माणूस.

"तसं गेलेलं चाललं असतं का तुम्हाला?" त्यांनी विचारले.

"नसतं चाललं," सर म्हणाले. "म्हणून तर तू म्हणालीस तेव्हा जीव भांड्यात पडला."

बाईंनी समोर पाहिले. उघड्या दारातून फळा दिसत होता. चष्मा आत राहिला होता, त्यामुळे उजवी बाजू म्हणजे नुसता पांढरा धूर होता. त्यांच्या सगळ्या पायऱ्या, वळणे, युक्त्या, सगळे एकात एक मिसळून गेले होते. डावीकडचेही बारीक लिखाण पुसट झाले होते. वाचता येत होती ती एकच ओळ, मोठ्या अक्षरांतली, जाड रेघेवरची. कुठलाही आरसा आणा, त्या अक्षराची मोजदाद बदलत नाही.

बाईंनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग पेला बाकावर ठेवला, तो कलंडला, चहा सरांच्या पायाशी ओघळला, आणि तिकडे त्यांचे लक्षही गेले नाही.

"सर," त्या म्हणाल्या, "आपल्याला घरं मोजायची कुठं होती?"

"म्हणजे?"

"संपत नाहीत एवढंच दाखवायचं होतं ना? मोजायची नव्हती. मोजायला गेलो म्हणून त्या घरात शिरावं लागलं, तुम्हालाही आणि मलाही." आणि सर पुढे काही विचारण्याआधी त्या उठून आत गेल्यासुद्धा.

माणसे अजून चहा पीत होती. बाईंनी चष्मा चढवला, डस्टर उचलला आणि फळ्याची उजवी बाजू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसून टाकली. बसमधली, पेपरांमधली, उशाशी बसून केलेली सगळी मेहनत खडूची धूळ होऊन खाली पडली. संशोधक मुलीच्या तोंडून "अहो बाई" एवढेच निघाले. बाईंना वाईट वाटायला हवे होते. त्यांना इतके हलके वाटत होते की हसू येत होते.

"बसा," त्या म्हणाल्या. "फार वेळ लागणार नाही."

माणसे पेले घेऊनच बसली. नवरा दारात उभा राहिला.

"सरांची ओळ बघा. आरसा कुठलाही असो, ह्या अक्षराची मोजदाद तो बदलत नाही. आता पीळ घालून उलटसुलट करताना काय होतं? पुढून काहीतरी जोडतो. मागून त्याचंच आरशातलं रूप काढून घेतो. पुढून हे अक्षर जितक्या वेळा आत आलं, मागून तितक्याच वेळा बाहेर गेलं. कारण आरशातही त्याची मोजदाद तीच. म्हणजे मधल्या शब्दात ते जितकं होतं, तितकंच राहिलं." त्यांनी खडूने ठोकून एक छोटी ओळ लिहिली. "म्हणून ज्यात हे अक्षर एकदा आलंय, तो शब्द आणि ज्यात दोनदा आलंय, तो शब्द, हे एका घरात राहूच शकत नाहीत. तीनदावाला तिसऱ्या घरात. चारदावाला चौथ्या. संपतील का?"

मागे संशोधक मुलगी उठून उभी राहिली.

"थांबा," ती म्हणाली. बाईंना 'थांबा' म्हणायची संधी ती सोडणार नव्हती. "एकाच घरातले दोन शब्द घेतले, तर त्यांची मोजदाद सारखी. ते पटलं. पण मोजदाद सारखी असून घर वेगळं असलं तर?"

"असू दे की. मग घरं आणखी जास्त होतील. आपल्याला जास्त झालेली चालतात, कमी झालेली नाहीत."

मुलीने फळ्याकडे पाहिले, छताकडे पाहिले, पुन्हा फळ्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू ऊन पडल्यासारखे झाले. "चला," ती म्हणाली आणि खाली बसली.

घाईसर मात्र, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, घाई न करता बसले होते. त्यांनी डावी बाजू वरपासून खालपर्यंत वाचली. मग उजवीकडच्या त्या दोन-अडीच ओळी वाचल्या. शंका काढायची इच्छा त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होती, आणि शंका सापडत नाही हेही. "इतकंच?" ते शेवटी म्हणाले. "इतकंच होतं हे?"

"इतकंच."

"अहो, मग हे तर तेव्हाच..." ते बोलता बोलता गप्प झाले आणि टोकाच्या खुर्चीकडे वळले. सगळी खोलीच हळूहळू तिकडे वळली. कारण आता सगळ्यांना दिसले होते की त्या दिवशी सर जेव्हा पहिला अर्धा भाग संपवून दुसऱ्याकडे वळले होते, तेव्हाच काम झालेले होते. फक्त दोन ओळी लिहून खाली बसायचे होते. ते पोचून पुढे गेले होते.

बाईंनी खडू टेबलावर ठेवला. "माझं अजून व्हायचंय," त्या म्हणाल्या. "मी मघाशी मला थांबवलं, त्याचं समाधान झालं. पण त्याच्याही आधीचं एक राहिलंय." आणि त्या सरांकडे वळल्या. "सर, त्या दिवशी माझी शंका खरी होती. ती मी आजही घेईन. पण तुमचं प्रमेय त्या ओळीवर उभंच नव्हतं. ते मला तेव्हा दिसायला हवं होतं, आणि मी नुसती तुमची चूकच बघत बसले. आता दिसलं. माझं समाधान झालं." त्या थांबल्या. "चला, सर."

सरांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. मग काठी खुर्चीला टेकवून ते उठले. घाईसर हात द्यायला धावले, पण सरांनी नुसती मान हलवली आणि खुर्च्यांच्या पाठी धरत फळ्यापर्यंत गेले. बाईंनी खडू त्यांच्या हातात दिला आणि त्या बाजूच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"तर," सर म्हणाले, आणि तो त्यांचा जुना, वर्गातला आवाज होता, "मी कुठपर्यंत आलो होतो?"

खोलीत हशा पिकला. असा हशा त्या खोलीने कधी ऐकला नसेल. दारातला नवराही हसला, त्याला कारण कळले नव्हते तरी. सरांनी फळ्याच्या तळाशी, स्वतःच्या हाताने, प्रमेय पुन्हा एकदा पूर्ण लिहिले. अक्षर वाकडे होत होते, ओळ उतरत होती, पण एकही चिन्ह चुकले नाही. शेवटी सिद्धता संपल्याची खूण म्हणून गणिती लोक जो छोटासा चौकोन काढतात, तो काढायला त्यांनी खडू टेकवला. वरची रेघ, बाजूची रेघ, खालची रेघ. चौथी रेघ पहिलीपर्यंत पोचलीच नाही. चौकोनाचा एक कोपरा उघडा राहिला.

सरांना तो दिसला नाही. त्यांनी खडू खाचेत ठेवला आणि हात झटकले. पण बाकी सगळ्यांना दिसला, आणि जुन्या सवयीने सगळ्यांच्या माना एकदम थांबाबाईंकडे वळल्या.

बाईंनी तो कोपरा नीट पाहिला. मग त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या, चष्मा काढला, आणि पदरावर पडलेली खडूची धूळ पुसावी तसा तो सावकाश पुसत राहिल्या.